आडव्या रेघा

थुंग याछिनने नूडल्स खाणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती. वाडग्यात त्या मऊ, मळकट पांढऱ्या वळ्या दिसल्या की ती वाडगा दूर सारायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती लोकांच्या अंगावरून असल्याच वळ्या काढायची. गरम पाण्यात भिजून फुगलेल्या कातडीवर खरखरीत हातमोजा घासला की मळ वळतो, लांबत जातो आणि टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतो. मुलगा घरी होता तोवर त्याच्या वाढदिवसाला ती रीतीप्रमाणे लांब नूडल्स शिजवायची, त्याच्यापुढे ठेवायची आणि स्वतः चुलीपाशी उभ्याने वाफेवरचा पाव चावायची. पुढे मुलगा दालियनच्या गोदीत कामाला गेला, आणि तिच्या घरातून नूडल्स हद्दपार झाल्या.

माणूस हा सुंदर प्राणी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हिवाळ्यात आठवडाभर आमच्या त्या कोळशाच्या गावात, छिंगश्वे स्नानगृहाच्या बायकांच्या विभागात येऊन उभं राहावं. बाहेर भिजलेला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत फळीसारखा कडक होतो आणि आत वाफेने समोरचं माणूस दिसत नाही. त्या वाफेत निम्मं गाव बसलेलं असतं. कुणी दुधाच्या पिशव्या फोडून अंगावर ओततंय, कुणी मीठ चोळतंय, कुणी हौदाच्या कडेवर बसून उकडलेली अंडी सोलतंय आणि टरफलं खुशाल पाण्यात सोडतंय. मोरीच्या जाळीवर केसांचा बोळा साचलेला. तो काढायचा थुंग याछिननेच. दोन बोटांत धरून, मान फिरवून ती तो बादलीत टाकायची आणि दर वेळी म्हणायची, "शी! मेल्यांनो, तुमच्यापेक्षा डुकरं परवडली."

बायका फिदीफिदी हसायच्या. तिचं तोंड गावाला पाठ होतं.

ती खाणकामगाराची मुलगी. लग्नाआधीपासून खाणीच्या दिव्यांच्या खोलीत कामाला होती. खाली उतरणाऱ्याच्या हातात टोपीचा दिवा द्यायचा आणि वर आलेल्याकडून परत घ्यायचा, एवढंच काम. वर येणाऱ्यांचे दात आणि डोळे सोडले तर सगळं काळं असायचं, पण त्याची तिला कधी किळस आली नाही. कोळसा म्हणजे काही घाण नव्हे, असं ती अजूनही म्हणते. मग खाण बंद पडली. नवरा दक्षिणेच्या उबदार बेटावर काम शोधायला गेला आणि तिथल्या एका बाईच्या घरात त्याला कायमची ऊब सापडली. याछिनने हातमोजा चढवला आणि छिंगश्वेच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली.

घासण्याचं काम ती इथे शिकली, पण तुंबड्या लावायला आईने शिकवलं होतं. लहानपणी ताप आला की आधी बरणीतले पाकातले पिवळे पीच खायला मिळायचे आणि मग तीच बरणी धुऊन पाठीवर यायची. आईचे नियम दोनच. काच पाठीवर ठेवली की नजर पोराच्या तोंडावर ठेवायची. आणि जिथे मार लागलाय, सूज आहे, तिथे काच लावायची नाही. छिंगश्वेत बरण्यांच्या जागी जाड काचेचे गोल पेले होते. चिमट्यात स्पिरिटचा बोळा पेटवायचा, पेल्यात भर्रकन फिरवून काढायचा, पेला पाठीवर उपडा करायचा. थप्. कातडी आत पावासारखी फुगून येते. बघवत नाही, पण कंबर धरलेल्या माणसाला खरंच बरं वाटतं.

बायकांचा मात्र सगळा जीव त्या डागांत. पेला निघाला रे निघाला की मान वळवून विचारणार, "काळं आलं का हो ताई?"

"आलं की. वांग्यासारखं आलंय."

"तरी म्हटलं! केवढा गारठा साठला होता अंगात!"

गारठा कसला नि काय. पेला जास्त वेळ ठेवला की डाग काळा होतो, कमी ठेवला की लाल राहतो. हे याछिनला ठाऊक होतं, पलीकडच्या टेबलावरच्या रुइफनला ठाऊक होतं, पण सांगायचं कुणाला? फिका डाग आला तर बाई तोंड वाकडं करून जायची आणि पुढच्या वेळी रुइफनकडे पाठ द्यायची. म्हणून दोघी काळं काढून द्यायच्या. कुणाला शिंगाच्या पट्टीने पाठ ओढून हवी असायची, तर ते वरून खाली ओढून द्यायच्या; त्याच्या पाठभर उभ्या लाल रेघा उठायच्या. गावाला काळं-लाल बघून बरं वाटत होतं, मग वाटू दे.

कोळसा गेल्यावर गावात थंडी उरली आणि बर्फावर पळणारी पोरं उरली. गोठलेल्या तळ्यावर पाती लावलेले बूट घालून ती दिवसभर गोल-गोल धावतात. त्यातलं एखादं प्रांताच्या संघात जातं आणि मग वर्षभर गाव त्याच्याच नावाने जेवतं. मुलींना हे पळणं शिकवणारी शाळा होती वेईबाईंची. त्यांचा फोटो बसस्टँडवर लागलेला. पायघोळ कोट, गळ्यात शिट्टी, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. घासायच्या टेबलावर पालथ्या पडूनही त्या बिया चावायच्या आणि टरफलं तिथेच थुंकायच्या. याछिन ती टरफलं निमूटपणे गोळा करायची. गावाचं नाव काढणारी बाई, तिला काय बोलणार?

शरद संपता संपता वेईबाई एका मुलीला घेऊन आल्या.

"थुंगताई, ही शान निंग. सोळाची आहे. हिची कंबर धरलीय. तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात, जरा बघा."

मुलगी पालथी झोपली. याछिनने कमरेच्या दोन्ही बाजूंना पेले लावले आणि आईने शिकवल्याप्रमाणे खाली वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. "दुखलं तर सांग हं. इथे सोसल्याबद्दल पदक देत नाहीत."

"दुखत नाही मावशी. बरं वाटतंय. कुणीतरी पाठ धरून वर उचलल्यासारखं."

पेले काढले, मुलगी उठली, आणि याछिन दुसऱ्या टेबलाकडे वळणार तेवढ्यात तिने पाहिलं की पोरगी बादली घेऊन टेबल धुतेय. मग तिने खाली वाकून मोरीच्या जाळीवरचे स्वतःचे केस उचलले आणि बादलीत टाकले. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

"कुणी शिकवलं गं हे?"

"कुणी नाही. माझेच केस आहेत ना."

त्या दिवसापासून छिंगश्वेत येणाऱ्या साऱ्या देहांमध्ये एक देह असा होता ज्याची थुंग याछिनला किळस येत नव्हती. निंग यायची, लांब एका खेड्यातल्या गोष्टी सांगायची. तिची आई लाकडांच्या ओंडक्यांवर काळी अळंबी पिकवते, तिला वाफेच्या पावात साखर भरून आवडते, ती गाते पण बेसूर. कंबर हळूहळू सैल झाली. वेईबाईंनी स्नानगृहाच्या भर दिवाणखान्यात, सगळ्या बायकांसमोर याछिनचं कौतुक केलं.

मग थंडी वाढली, तशी एकदा वेईबाई स्वतः टेबलापाशी आल्या आणि निंगच्या टॉवेलवरूनच बोट ठेवून जागा दाखवू लागल्या. "इथे, इथे, आणि ही पूर्ण ओळ. दाट लावा. चांगलं काळं होऊ द्या."

"कंबर तर खाली आहे, बाई. खांद्याखाली कशाला?"

"पडली ती. बर्फाच्या कडेच्या फळकुटावर आपटली. रक्त साचायला नको."

त्या गेल्यावर याछिनने टॉवेल सरकवला. पाठीवर लांब, आडव्या रेघा होत्या. प्रत्येक ठिकाणी दोन लाल रेघा आणि मध्ये फिकी पट्टी. फळकुटावर पडलेलं माणूस एका अंगाने सुजतं, त्याच्या पाठीवर असं कुणी आखून ठेवत नाही.

"पडलीस?"

"हो मावशी."

तिने वाकून तोंड पाहिलं. तोंडावर काहीच नव्हतं, धुतलेल्या ताटासारखं कोरं. याछिनच्या हातात जळता बोळा होता. तिने पेले लावले. आईने नाही म्हटलेल्या जागीच लावले, आणि वेळही जास्त ठेवला. गोल डागांखाली रेघा बुडून गेल्या.

वेईबाई मुलीला न्यायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात बुटांच्या पात्यांवर घालायचं म्यान होतं, टणक प्लॅस्टिकचं, हातभर लांब. बोलता बोलता त्या ते आपल्याच तळहातावर आपटत होत्या. याछिनची नजर त्या म्यानाच्या रुंदीवर गेली. रेघांमधल्या फिक्या पट्टीएवढीच होती ती. मोरीपाशी जाऊन ती थुंकली.

"वेईबाई मारते त्या पोरीला," तिने रुइफनला सांगितलं.

रुइफनने हातातला मोजा पिळला. "मग? मी केस कापायला शिकत होते तेव्हा आमचा उस्ताद कंगव्याने बोटं फोडायचा. मार खाल्ल्याशिवाय कुणाला काही येतं का?"

"तुला कुठे आलं? पाठीच घासतेयस."

"आणि तू गं? तू काय डॉक्टरीण झालीस? गप पेले लाव आणि घरी जा."

याछिनने पुन्हा एकदा गप पेले लावले. त्या वेळी निंग एकटीच आली होती आणि तिने आपणहून पाठ उघडी केली. रेघा ताज्या होत्या.

"मावशी, दाट लावा. वर्षअखेरच्या शर्यतीला आई येणार आहे. शर्यत झाली की सगळ्या आया आम्हाला इथे घेऊन येतात. ती पाठ घासेल माझी, तिला दिसेल."

"दिसू दे की!"

"छे! तुम्हाला माझी आई माहीत नाही." मुलीने मान वळवली, आणि याछिनला तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसलं. "तिला कळलं ना, तर ती उभ्या उभ्या मला घरी घेऊन जाईल. वेईबाईंचे केस धरेल आणि मला घेऊन जाईल. म्हणून तर सांगत नाही. नव्या वर्षात प्रांताच्या संघाची निवड आहे. तेवढं झालं की मी इथून सुटलेच. तोवर दिवस काढते."

याछिनला कळलं की ही पोर कशावर तगून आहे. आपण तोंड उघडायचा अवकाश, आई येईल आणि नेईल, या एका गोष्टीवर. गोळी जिभेखाली ठेवून झोपावं तशी ती गोष्ट तिने जपून ठेवली होती. याछिनने पेले लावले आणि घरी जाण्याआधी स्वतःचे हात इतके घासले की कातडी सोलवटली.

शर्यतीच्या दिवशी दुपारी छिंगश्वेच्या दिवाणखान्यात आयांची गर्दी झाली. निंग लांब पल्ल्यात पहिली आली होती. वेईबाईंनी तिला सगळ्यांच्या आधी आत पाठवलं. "आई सामान ठेवून येतेय तुझी. तोवर थुंगताईकडून लावून घे. पटकन."

निंग अंगरखा पोटाशी कवटाळून टेबलावर पालथी झाली. याछिनने टॉवेल बाजूला केला. आदल्या दिवशीचा मार होता. "सरावात निघायला उशीर झाला म्हणून," निंग पुटपुटली. काही रेघा जांभळ्या पडल्या होत्या, दोन ठिकाणी कातडी फुगून तकतकत होती. वरती जुन्या तुंबड्यांचे पिवळे पडलेले डाग, आणि ते तर तिच्याच हातचे. याछिनने बोळा पेटवला. ज्योतीकडे बघत राहिली आणि बोळा पाण्यात बुडवला.

"मावशी?"

"नाही लावत."

"मावशी, असं काय करता! आई येतेय!"

"येऊ दे. मी माणसांचा मळ काढते, कुणाचा झाकत नाही. दोनदा झाकला, तेवढं पुरे."

निंग ओणवी होऊन हात जोडू लागली. "तुम्ही माझं सगळं घालवाल. रुइफनमावशी, तुम्ही लावा, लावा ना!" रुइफनने दोघींकडे पाहिलं, पेल्यांकडे हात नेला, आणि तेवढ्यात वाफेतून आवाज आला, "निंगनिंग! कुठं हाय गं माझी बर्फावरची राणी?"

निंगची आई, बुटकी, वाऱ्याने गाल फाटलेली बाई, हातात गोठवलेल्या नाशपातींची पिशवी घेऊन उभी होती. "आधी पाठ घासती तुजी, मग खा. घरच्या झाडाच्या हायत, गोठून काळ्याकुट्ट, गोड झाल्यात बघ." निंगने टॉवेल ओढायचा प्रयत्न केला, पण तो याछिनच्या हातात होता.

आईने पाठ पाहिली. मग म्हणाली, "शिंगानं ओढलंय व्हय आज?"

वाट मोकळी होती. हो म्हटलं की संपलं. निंगचे डोळे तेच मागत होते आणि रुइफन पलीकडून मान हलवून तेच सांगत होती.

"नाही," याछिन म्हणाली. "शिंग वरून खाली ओढतात. या आडव्या आहेत. हा मार आहे, बाई. कोच हिला बुटांच्या म्यानाने मारते. आधी दोनदा मीच वरून तुंबड्या लावून लपवलं. आज नाही लपवलं."

तिला वाटलं होतं की आता किंकाळी येईल. निंगने तर डोळे मिटूनच घेतले होते. आईने नाशपातींची पिशवी हळूच खाली ठेवली आणि दाराकडे बघून घेतलं.

"हळू बोला की जरा. ठाव हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"आंधळी हाय व्हय मी? मागल्या वर्साला बी दिसलं हुतं, बाईंनी साळंतच लावलेल्या गोलांच्या मधनं. पोरगी लपवतीया, तर म्हटलं लपवू दे. तिला वाटतंय आईला कळू नये, तर न्हाई कळलं." तिने पाण्याचा तांब्या भरला. "आणून सोडली तवाच म्या बाईस्नी सांगितलं हुतं, तुमचीच समजा, मारा, झोडा, पर माणसात आणा. समद्याच आया सांगत्यात तसं. न्हाई मारलं तर शिकायची कशी? आन पैली आली न्हाई का आज? घरी ऱ्हाऊन काय करंल, माज्यासारखी अळंबी खुडंल? हे हात बघा माजे."

तिने हात पुढे केले. भेगांत माती कायमची बसलेली. ते हात बघून याछिनला तिची दया आली, आणि दया आली याचाच तिला राग आला. त्या हातांनी ही बाई आता या पाठीवर पाणी ओतणार होती, मोजा घालून घासणार होती, रेघांवरून, जणू काही मळच आहे.

"शी," ती म्हणाली. आयुष्यभर ती हा शब्द केसांच्या बोळ्यांवर आणि अंड्यांच्या टरफलांवर उधळत आली होती. आज तो पुरेना. "शी! तुम्ही आई आहात? आणि ही पोरगी तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"तुला माहीत होतं?"

निंग उठून बसली होती. रडत नव्हती. आवाज अगदी साधा होता, किती वाजले विचारावं तसा.

"निंग, सदरा घाल आदी."

"आई, तुला माहीत होतं?"

आई तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. निंग टेबलावरून उतरली. अंगरखा पुढून छातीशी धरून, पाठ तशीच उघडी ठेवून, ती पडदा बाजूला सारून दिवाणखान्यात गेली.

तिथे स्नानगृहाचे गुलाबी कपडे घातलेल्या आया लांब सोफ्यावर बसल्या होत्या आणि मधोमध वेईबाई बिया चावत होत्या. दानदान नावाच्या मुलीची आई आपल्या लेकीच्या गळ्यामागचा सदरा ओढून सगळ्यांना डाग दाखवत होती. "बघा तरी, नुसतं जांभळं! बाईंनी शाळेतच तुंबड्या लावल्यात. केवढी मेहनत करते पोरगी, किती गारठा निघाला!" बाकीच्या कौतुकाने माना डोलावत होत्या.

कोपऱ्यात वजनकाटा होता. दर आठवड्याला वेईबाई मुलींना त्यावर उभं करायच्या. निंग नेहमीसारखी जाऊन त्याच्यावर उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून आणि सगळ्यांकडे पाठ करून.

"किती भरलं, बाई?" तिने विचारलं. "बघा ना."

बिया चावायचा आवाज थांबला.

"निंग, उतर खाली. सदरा घाल, सर्दी होईल," वेईबाई म्हणाल्या आणि आयांकडे बघून हसल्या. "परवा पडली हो ती. हट्टी आहे नुसती."

कुणी हसलं नाही. एका आईने नजर खाली घातली आणि आपल्या मुलीचा वर गेलेला सदरा पटकन नीट केला. दानदानच्या आईचा हात मात्र अजून लेकीच्या गळ्यामागेच होता. ती त्या गोल डागांकडे बघत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "इकडे फिर बघू. पूर्ण काढ सदरा."

"नको ना आई," दानदान म्हणाली.

त्या "नको ना"ने सगळं सांगितलं. तिच्या आईने तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि हरवलेली सुई शोधावी तशी ती डागांच्या मधली मधली कातडी बघू लागली.

इतक्यात पडदा हलला. निंगची आई बाहेर आली आणि तिने पाहिलं की सगळ्या पाहतायत. आतमध्ये जो चेहरा जरादेखील बदलला नव्हता तो आता केसांच्या मुळांपर्यंत लाल झाला. तिने खुंटीवरचा पहिला हाताला लागला तो कोट ओढला, निंगच्या अंगावर टाकला, आणि वेईबाईंच्या अंगावर धावून गेली.

"माज्या लेकीवर हात टाकतीस? जनावर हाय का ती? आजवर आमी कदी बोट लावलं न्हाई पोरीला! मला ठाव असतं तर पाय ठिवू दिला नसता तुज्या साळंत!" तिने खरंच वेईबाईंचे केस धरले. आया मध्ये पडल्या, बिया जमिनीवर सांडल्या, शिट्टीची दोरी तुटली. "चल गं निंग! एक घटका ठिवायची न्हाई तुला हितं! आत्ताच्या आत्ता घरी!"

निंगने जे जे सांगितलं होतं ते अगदी तसंच घडत होतं. थुंग याछिन पडद्यापाशी उभी राहून बघत होती. आईला मार चालला होता. वर्षभर चालला होता. चारचौघींत दिसला, तेवढं मात्र चाललं नाही.

निंग वजनकाट्यावरून उतरली. आईने पुढे केलेला हात तिने धरला नाही. ती पडद्यातून आत आली, बादली भरली आणि टेबल धुऊ लागली. कोपरे, कडा, खालची पट्टी, सगळं. मग खाली बसून तिने मोरीच्या जाळीवरचे केस वेचले. बाहेर आईचा आवाज चढतच होता.

"मावशी," ती म्हणाली, "आई मला घरी नेतेय."

याछिनला तिला बरं झालं म्हणायचं होतं. तिने फक्त कोरडा टॉवेल पुढे केला. निंगने हात पुसले, टॉवेलची घडी केली, टेबलावर ठेवली आणि गेली. नाशपातींची पिशवी खालीच राहिली होती. उष्म्याने त्या मऊ पडून त्यांचं काळं पाणी फरशीवर पसरत होतं.

गर्दी ओसरली. रुइफन फरशी पुसत होती. थोड्या वेळाने एक जाडजूड बाई आली आणि निंगने धुतलेल्या टेबलावर ऐसपैस पालथी पडली.

"ताई, खांदे गेलेत हो माझे. जरा चांगलं काळं काढा हं."

थुंग याछिनने पेल्यांचा ट्रे उचलला आणि रुइफनच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"काळं हवं असेल तर तिकडे जा," ती म्हणाली. "मी आता फक्त मळ काढते."